पायात घुंगरू, हातात घमेलं

खोपोलीहून बोरघाट चढून गेलं की खंडाळा लागतं. जिल्हा बदलतो, हवा बदलते, चहाचा भाव तर बदलतोच बदलतो. खंडाळा म्हटलं की लोकांना धुकं आठवतं, नाहीतर ते हिंदी सिनेमातलं गाणं. पण १९३८ साली या खंडाळ्यात एक नृत्यशाळा सुरू झाली होती, हे आमच्या खालच्या गावांत कुणाला विचारलंत तर माहीत नसतं. मी खालापूर आणि कर्जत तालुक्यांत मिळून तीस-बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, पण हे मलाही फार उशिरा कळलं. पाठ्यपुस्तकात नाचाला जागा कुठे असते? शिवाजी महाराज, पेशवे, टिळक, गांधी, झाला इतिहास.

त्या शाळेचं नाव ‘नृत्यालयम्’. ती काढणाऱ्या बाईंना जग मॅडम मेनका म्हणून ओळखत होतं. मूळच्या त्या बारिसालच्या, म्हणजे बंगालच्या, लीला रॉय. लग्न झालं साहिबसिंग सोखींशी. हे सोखी म्हणजे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. नवरा प्लेगच्या लशीच्या आणि औषधांच्या मागे आणि बायको कथकच्या. त्या काळी कथक म्हणजे कोठीवरचा नाच अशीच सर्वसाधारण समजूत होती. घरंदाज बाईने तो शिकायचा, वर तिकीट लावून लोकांसमोर करायचा, हे कल्पनेपलीकडचं होतं. मेनकाबाईंनी ते केलं, कथकमधून पूर्ण नृत्यनाट्यं बसवली, पथक घेऊन युरोपभर हिंडल्या, १९३६ साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली. त्यांच्या पथकात आपली एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. दहाएक वर्षांची पोर, पायात घुंगरू बांधून परदेशातल्या रंगमंचांवर उभी राहायची. पुढे याच दमयंतीबाईंनी एकटीने संपूर्ण कथकचा कार्यक्रम करण्याची वाट रुळवली. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मश्री. खंडाळ्याची शाळा मात्र महायुद्धाच्या धामधुमीत बंद पडली आणि मेनकाबाई १९४७ साली गेल्या.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगतो. गेल्या हिवाळ्यात घरच्या एका कार्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीचा विषय निघाला. (नाव सांगत नाही, नातेवाइकांना कळेलच.) ती नृत्य करते. भरतनाट्यम नव्हे, कथक नव्हे, ‘कंटेम्पररी’. स्वतः नाचते, दुसऱ्यांचे नाच बसवते आणि रविवारी कर्जतची गाडी पकडून आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेत मुलांबरोबर काम करते. त्याचे पैसे मिळत नाहीत. पंगतीत एक वडीलधारे म्हणाले, “समाजसेवाच करायची तर दवाखाना आहे, शाळा आहे. नाचून कसली आली समाजसेवा?” सगळे हसले. ती पण हसली, पण ताटातलं तसंच टाकून उठली, हे मी पाहिलं.

त्यांना मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण पंगतीत इतिहास सांगू नये. इथे सांगतो.

मेनकाबाईंच्या नाचाने एक दार उघडलं हे खरंच. चांगल्या घरातली मुलगी नाचू शकते, एवढं त्यामुळे मान्य झालं. पण तो नाच बर्लिनपर्यंत गेला आणि घाट उतरून खोपोलीपर्यंत काही आला नाही. निदान माझ्या आईवडिलांच्या पिढीतल्या कुणाकडून मी तसं ऐकलेलं नाही. नाच पाहायचा तर तिकीट काढून, दिवाणखान्यात किंवा थिएटरात. नाचणारा माणूस लोकांकडे आपण होऊन जाऊ लागला, ती गोष्ट थोडी पुढची. त्याला कारण झाला दुष्काळ.

१९४३ साली बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या सुमाराला बंगालातली कलावंत मंडळी गाणी आणि नाच घेऊन गावोगाव निघाली आणि झोळी पसरून दुष्काळग्रस्तांसाठी पैसे गोळा करू लागली. मुंबईतही ती आली. त्यातूनच अंधेरीला ‘इप्टा’चं मध्यवर्ती पथक उभं राहिलं. तरुण मुलं-मुली एकाच घरात राहायची, एकत्र जेवायची, दिवसभर तालीम करायची. नाच बसवायला होते शांती वर्धन. उदय शंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रात काम केलेला हा माणूस. संगीताला तरुण रविशंकर. याच काळात आपले अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक गिरणगाव दणाणून सोडत होतं. शांती वर्धनांना पुढे क्षयाने गाठलं. त्या आजारातून थोडं उठल्यावर त्यांनी मुंबईतच १९५२ साली ‘लिटल बॅले ट्रुप’ काढला आणि रामायण बसवलं. माणसांनी कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचायचं, अशी कल्पना! दोन वर्षांनी, १९५४ साली, ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

पण हे सारं मुंबईचं झालं. आमच्यासारख्या गावांपर्यंत नाच पोचवला तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि त्याच्या वळणावर निघालेल्या इतर पथकांनी.

सेवा दलाची नव्याने बांधणी झाली ४ जून १९४१ रोजी पुण्यात. दलप्रमुख एस. एम. जोशी. पुढच्याच वर्षी ‘चले जाव’ सुरू झालं आणि यातली बरीच मुलं भूमिगत झाली. (आमच्या कर्जत तालुक्याचा त्या लढ्यातला वाटा म्हणजे माथेरानचे वीर भाई कोतवाल. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांच्यावर वेगळं लिहायचं आहे, म्हणून इथे थांबतो.) स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा या मुलांच्या हाताला काम हवं होतं. ते साने गुरुजींनी दिलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १९४७ च्या आरंभी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि कलापथक त्यांच्याबरोबर गावोगाव फिरलं. आधी गाणी, मग गुरुजींचं भाषण. १ मे ते १० मे गुरुजींचं उपोषण झालं आणि मंदिर खुलं झालं. दहा दिवसांचं उपोषण आपण मुलांना शिकवतो, पण त्याआधीचे ते चार महिने शिकवत नाही. गावाचं मन वळवायला भाषणाच्या आधी गाणं लागतं, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं.

पुढे कलापथक वाढलं. वसंत बापट गाणी लिहीत, लीलाधर हेगडे खड्या आवाजात गात. पु. लं. नी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच पथकासाठी लिहिलं. निळू फुले, दादा कोंडके ही नावंही सेवा दलाच्याच अंगणातून पुढे आली. नंतर बापटांच्या लेखणीतून ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’, ‘शिवदर्शन’ असे मोठे नृत्य-नाट्य-गीतांचे कार्यक्रम झाले. आणि यात मुली होत्या. वगात बाईचं काम पुरुषाने करायचं नाही आणि तमाशातल्या बाईला बोलवायचंही नाही, तर आपल्याच बहिणींनी उभं राहायचं, असा हा मामला होता.

आज तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण तेव्हाच्या घरात ‘नाच’ हा शब्द कसा वापरत, ते आठवून पाहा. ‘नाच्या’ ही शिवी होती. ‘नाचवणे’ म्हणजे फजिती करणे. मुलगी जरा मोठ्याने हसली तरी “काय नाचतेयस!” अशा भाषेच्या घरातून मुलींनी बाहेर पडायचं, मुलांबरोबर एस.टी.ने परगावी जायचं, शाळेच्या वर्गात पथारी टाकून झोपायचं आणि रात्री हजार माणसांसमोर कोळीनृत्य करायचं! आईबापांनी हे का चालू दिलं? कारण बरोबर साने गुरुजींचं नाव होतं. आणि दुसरं कारण असं की, रात्री नाचणारी हीच मुलगी शिबिरात सकाळी हातात घमेलं घेऊन विहिरीचा गाळ उपसायला किंवा रस्त्याला माती टाकायला उभी असे. त्या घमेल्याने घुंगरांना अब्रू मिळवून दिली, असं मला वाटतं. सेवा दलाच्या जुन्या मंडळींना हे वाक्य कदाचित आवडणार नाही. ते म्हणतील, दोन्ही एकच काम होतं. तेही खरं असेल.

या मुलींमधलं ठळक नाव सुधा वर्दे. कलापथकातल्या नर्तिका आणि आयुष्यभराच्या कार्यकर्त्या. त्यांचे यजमान प्रा. सदानंद वर्दे १९७८ साली महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री झाले. (आम्हा मास्तरांना ते नाव त्यामुळेच जास्त ठाऊक.) या दोघांची मुलगी झेलम, म्हणजे ओडिसी नर्तकी झेलम परांजपे. झेलमताई याच कलापथकात वाढल्या आणि तिथेच त्यांची मैत्रीण होती स्मिता पाटील. होय, तीच स्मिता. आई विद्याताई सेवा दलाच्या, त्यामुळे मुलगीही ओघाने दलात आली. पडद्यावर येण्याआधी ती कलापथकाच्या दौऱ्यांत नाचलेली आहे. ‘उंबरठा’ पाहताना मला नेहमी वाटायचं की सिनेमातल्या नटीला सतरंजीवर इतकं सहज बसता कसं येतं! ते कलापथकातच येत असणार.

झेलमताई गणिताच्या विद्यार्थिनी. ओडिसी शिकल्या केलुचरण महापात्रांकडे. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता गेली. तीन वर्षांनी, १९८९ साली, झेलमताईंनी मुंबईत नृत्यसंस्था काढली आणि तिला नाव दिलं ‘स्मितालय’. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली गणितं घेऊन त्यांनी ओडिसी बसवलं. ११५० सालचा ग्रंथ, त्यातली गणितं मुळातच पद्यात. आमच्या गणिताच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “नाचून मार्क मिळणार आहेत का?” असो. लीलाधर हेगड्यांनीही गाण्यावर न थांबता सांताक्रूझला साने गुरुजी आरोग्य मंदिर उभारण्यात आयुष्य घातलं, त्यातून शाळा झाली. पथकातले गाणारे-नाचणारे पुढे काय झाले, असं कुणी विचारलं तर ही उत्तरं आहेत.

आमच्या तालुक्यात असं एक कलापथक आलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. कोणत्या संस्थेचं होतं ते आता आठवत नाही. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. शाळेच्या पटांगणावर दोन पेट्रोमॅक्स, मागे चादरीचा पडदा. नऊवारी नेसलेल्या सहा मुली कोळीनृत्य करून गेल्या. माझी आई शेजारणीला हळूच म्हणाली, “चांगल्या घरच्या दिसतात गं.” मग थोड्या वेळाने, आणखी हळू, “बरं झालं.” हे ‘बरं झालं’ कशाला होतं ते मला कळायला बरीच वर्षं लागली. आईला लग्नाआधी गौरीच्या फुगड्यांपलीकडे पाय उचलायची मुभा नव्हती.

पण त्या रात्रीची दुसरी एक गोष्टही लक्षात आहे. पटांगणाच्या कडेला, उजेड जिथे संपतो तिथे, वाडीवरची ठाकर मंडळी उभी होती. पथकाने शेवटी एक ‘आदिवासी नृत्य’ केलं. शहरातल्या मुली, हातात फांद्या. कडेची माणसं ते बघत होती आणि आपसात हसत होती. चेष्टेने नव्हे, नवल वाटून. त्यांच्यातल्या कुणालाही पुढे बोलावलं नाही. कलापथकांनी नाचाला अब्रू दिली, पण ज्यांचा नाच त्यांना मांडव दिला नाही. हे माझं मत आहे आणि ते सौम्य करून सांगायची मला गरज वाटत नाही.

कर्जत-खालापूरच्या डोंगरात ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ठाकरांचा कामडी नाच, ढोलाचा नाच, गौरीचे नाच, लग्नातले नाच. शेतीची कामं आटपली की रात्ररात्र चालतात. त्याला कुणी ‘लोककला’ म्हणत नाही, तो नुसता नाच. मी एका शाळेत होतो, साल १९८६. स्नेहसंमेलनात आमच्याकडेही ‘आदिवासी नृत्य’ ठेवलं होतं. पेठेतली मुलं तोंडाला काजळी फासून, आंब्याच्या डहाळ्या कमरेला बांधून कॅसेटवर ‘हुर्र हुर्र’ करत उड्या मारत होती. आणि वसतिगृहातली ठाकर मुलं मागच्या रांगेत बसून ते पाहत होती! ठाकर मुलांना त्यांचाच नाच करू द्या, असं मी सभेत सुचवलं होतं. उत्तर मिळालं, “पाहुणे येणार आहेत, बरं दिसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानाच्या टोकाला गोंधळ ऐकू आला म्हणून गेलो. ठाकर मुलं आदल्या रात्रीच्या नाचाची हुबेहूब नक्कल करत होती. हसून हसून लोळत होती. मी ओरडत नाही असं पाहिल्यावर त्यांनी आपला खरा नाच धरला. ढोल नव्हता, डब्यावर ठेका. मी म्हटलं, “अरे, इकडे तोंड करा, मला दिसू दे.” तर सातवीतली एक मुलगी थांबून म्हणाली, “गुरुजी, आमच्या नाचात बघणारा नसतो. फेर आत तोंड करून धरायचा.”

हे वाक्य मी अनेक जाणत्यांना सांगितलं आहे. रंगमंचाचा नाच बाहेर तोंड करतो, फेर आत तोंड करतो. मेनकाबाई, कलापथक, स्नेहसंमेलन, सगळ्यांनी फेर उलगडून त्याची सरळ रांग केली, कारण समोर खुर्च्या होत्या. आणि खुर्च्यांत कोण बसणार हे आधीच ठरलेलं असतं.

‘कंटेम्पररी’वाले या खुर्च्यांचं काय करतात, हे समजून घ्यायला मी अस्ताद देबूंबद्दल थोडं वाचलं. नवसारीला १९४७ साली जन्मलेला हा पारशी गृहस्थ, मुंबईत राहिला. आधी कथक शिकला, मग १९६९ साली जहाजाने देशाबाहेर पडला, देशोदेशीचे नाच शिकून परत आल्यावर कथकली शिकला, आणि या सगळ्यातून स्वतःचं काहीतरी घडवलं. सुरुवातीला लोकांना ते ना भारतीय वाटे, ना परदेशी. पण त्यांचं मला भावलेलं काम म्हणजे कर्णबधिर मुलांबरोबरचं. कोलकात्यात, चेन्नईत वर्षानुवर्षं त्यांनी अशा मुलांबरोबर नाच बसवले. ज्यांना संगीत ऐकूच येत नाही त्यांनी नाचायचं कसं? मनात आकडे मोजायचे, एकमेकांच्या डोळ्यांकडे, खुणेकडे लक्ष ठेवायचं. दिल्लीत रस्त्यावर वाढलेल्या मुलांबरोबरही त्यांनी काम केलं. यात ‘बिचाऱ्या मुलांना विरंगुळा’ असा भाव नव्हता. त्या मुलांना ते नर्तक म्हणूनच उभं करत, तितकीच कडक तालीम, तोच रंगमंच. २००७ साली पद्मश्री, १० डिसेंबर २०२० रोजी निधन.

आमच्या वडीलधाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, नाचून पोट भरत नाही, रोग बरा होत नाही, हे कबूल. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. ठाकरांची वाडी. नंतर धान्य आलं, कपडे आले, भांडी आली, सरकारने घरं बांधून दिली. सगळं आवश्यकच होतं. पण फेर धरायला माणसं लागतात. जी उरली ती पोरं आश्रमशाळांतून बसलेली, त्यांच्याशी कोण काय बोलणार? अशा मुलांच्या शेजारी रविवारी जाऊन उभं राहणं याला दुसरं काही नाव सुचत असेल तर मला कळवा.

तिच्या कामातही अडचणी आहेत, फार गोड चित्र मी काढत नाही. पहिले दोन महिने तिने मुलांना रांगेत उभं करून मुंबईचेच व्यायाम दिले. मुलं आज्ञाधारकपणे हात वर करायची, खाली करायची, आणि डोळे खिडकीबाहेर. तिने मला फोन केला, “आजोबा, ही मुलं नाचतच नाहीत.” मी तिला सातवीतल्या त्या मुलीचं वाक्य सांगितलं. ती विद्यार्थिनी आता पन्नाशीची बाई आहे. आश्रमशाळेपासून दोन किलोमीटरवरच्या वाडीत राहते, तिचा नातू त्याच शाळेत चौथीला. मी निरोप धाडला. पुढच्या रविवारी ती आणखी दोघीजणींना घेऊन आली, एकीच्या काखेत ढोल.

मी ओट्यावर बसून पाहत होतो. आमची मुलगी स्पीकर लावायला लागली, तर बाईने तो बंद करायला सांगितला. मग मुलांनी हात धरले, मोठा फेर झाला. आमची मुलगी सवयीने पुढे जाऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. बाई म्हणाली, “तू समोर नको उभी राहू. फेरात ये.” दोन लहान पोरांच्या मध्ये तिला जागा मिळाली. इतकी वर्षं शिकलेली मुलगी, पण ठेका पकडेना. दर तिसऱ्या पावलाला चुकत होती आणि डावीकडचा नातू तिचा हात हिसडून तिला सांगत होता, “मॅडम, आता नाही, आता.” पाचची गाडी गेली, सहाची पण गेली.